वरोऱ्याचा कोळसा नापास झाला तेव्हा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून लिहिले आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'तू नेमकं करतोस काय ते एकदा सांगून टाक.' त्यांचंही बरोबर आहे. आपल्या वर्गात कोणी शिक्षक आहे, कोणी तलाठी आहे, कोणाची राईस मिल आहे, कोणी एस.टी.त वाहक आहे. त्यांचं काम काय, ते कोणाला विचारावं लागत नाही. माझ्याबद्दल मात्र 'तो नागपूरला लॅबमध्ये असतो' एवढ्यावर भागतं. लॅब म्हटलं की लोक खिशातून रक्ताचा रिपोर्ट काढून पुढे करतात. माझी आई शेजारच्या बायांना सांगते, "पोरगा नागपूरले गोटे जाळते." खरं सांगू का, आईची व्याख्या सगळ्यात जवळची आहे.

आमच्याकडे कोळसा येतो, लोखंडाचा दगड येतो, राख येते, सिमेंट येतं, तुटलेला बोल्ट येतो, क्वचित बांबूही येतो. प्रत्येक नमुन्याबद्दल प्रश्न दोनच असतात. हे आतून बांधलं कसं आहे? आणि हे कोणत्या कामाला टिकेल? पहिल्या प्रश्नासाठी आम्ही दळतो, घासतो, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, क्ष-किरण सोडतो. दुसऱ्यासाठी तापवतो, दाबतो, ताणतो, वाकवतो आणि शेवटी मोडतो. मग एक कागद देतो. त्या कागदावर आकडे असतात आणि खाली सही. त्या एका कागदावर काय काय ठरू शकतं, हे सांगायला मला दूरचं उदाहरण घ्यायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्याचं आहे, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ते नव्हतं.

जमशेदजी टाटांचं नाव आपण जमशेदपूरशी जोडतो. पण लोखंडाचा कारखाना काढायचं त्यांच्या मनात आलं ते आपल्या जिल्ह्यामुळे. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली होती, म्हणजे इकडचा मुलूख त्यांना अनोळखी नव्हता. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल त्यांच्या वाचनात आला. अहवालाचा विषय होता चांदा जिल्ह्यात लोखंड काढणं पैशाच्या दृष्टीने परवडेल का. त्यात लिहिलं होतं की लोहारा गावाजवळ उत्तम प्रतीचा लोहदगड आहे, आणि कोळसाही फार लांब नाही, वरोऱ्याला आहे. वरोऱ्याची सरकारी खाण तेव्हा चालू होती. लोहाऱ्याचा दगड, वरोऱ्याचा कोळसा आणि मध्ये सगळा आपला चांदा जिल्हा! तेव्हाच्या चांद्यात आजचं गडचिरोलीही आलं. तो जिल्हा वेगळा झाला बरोबर शंभर वर्षांनी, २६ ऑगस्ट १९८२ ला.

जमशेदजींनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीत तपासायला दिले. निकाल आला : या कामाला चालणार नाही.

सरकारचे खाणीचे नियमही तेव्हा जाचक होते, त्यामुळे सगळा दोष कोळशाच्या माथी मारता येणार नाही. पण दगड पास आणि कोळसा नापास हा निकाल लागला आणि गोष्ट सतरा वर्षं थांबली. १८९९ मध्ये कर्झनच्या काळात खाणींचे नियम सैल झाले, तेव्हा जमशेदजींनी विषय पुन्हा हातात घेतला. अमेरिकेत जाऊन त्यांनी चार्ल्स पेज पेरिन या इंजिनिअरला गाठलं. पेरिनने आपला माणूस पाठवला, भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड. १९०४ मध्ये हे वेल्डसाहेब आणि जमशेदजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आपल्या जंगलात बैलगाड्या घेऊन हिंडत होते. लोहाऱ्याच्या टेकडीचा दगड वेल्डलाही आवडला. पण मोठी भट्टी वर्षानुवर्षं चालवायला पुरेल इतका साठा त्याला दिसला नाही. त्याच वर्षी १९ मे रोजी जमशेदजी जर्मनीत वारले.

यानंतरचा प्रसंग मला फार आवडतो. चांद्यात जमत नाही असं दिसल्यावर दोराबजी नागपूरला एका इंग्रज अधिकाऱ्याला भेटायला गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले, म्हणजे आपल्या अजबबंगल्यात. आपली सहल गेली होती तिथे, आठवतं ना? तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता, आणि त्यात दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाची खूण रंगवलेली होती. त्या नकाशामागचं काम होतं प्रमथनाथ बोस या बंगाली भूगर्भशास्त्रज्ञाचं. दोराबजी आणि वेल्ड दुर्गकडे वळले. तिथल्या डल्ली-राजहराच्या डोंगरात त्यांना अफाट लोखंड सापडलं, पण जवळ चांगला कोळसा आणि पाणी नव्हतं. पुढे हेच लोखंड भिलाईच्या कामी आलं. दरम्यान बोस मयूरभंज संस्थानात नोकरीला गेले होते. त्यांनी टाटांना पत्र लिहिलं : इकडे या, दगड आहे आणि झरियाचा कोळसाही जवळ आहे. झरियाचा कोळसा ती परीक्षा पास होत होता. टाटा कंपनीची नोंदणी २६ ऑगस्ट १९०७ ला झाली आणि साकचीला पोलादाचा पहिला ठोकळा १९१२ च्या फेब्रुवारीत निघाला. साकचीचं नाव १९१९ मध्ये जमशेदपूर झालं. वरोऱ्याची खाण त्याआधीच, १९०६ ला बंद पडली होती.

ही गोष्ट मी आमच्या नव्या पोरांना सांगतो तेव्हा ती लगेच विचारतात, सर, टेस्ट कोणती होती? म्हणून तीही सांगतो. आजही जवळजवळ तशीच करतात आणि तिला फार मोठं यंत्र लागत नाही.

कोळसा मैद्यासारखा दळायचा. त्यातला एक ग्रॅम तोलायचा. एक भाग १०८ अंशावर तासभर ठेवायचा, जेवढं वजन घटलं तेवढा ओलावा. एक भाग उघड्या बशीत ८१५ अंशापर्यंत जाळायचा, उरली ती राख. तिसरा भाग झाकणाच्या मुशीत ९०० अंशावर बरोबर सात मिनिटं. झाकण असल्यामुळे हवा मिळत नाही, कोळसा जळत नाही, नुसता वायू सोडतो. मग मूस बाहेर काढून थंड करायची आणि झाकण उघडून आत काय आहे ते पाहायचं.

सगळी गंमत त्या क्षणाची. काही कोळसे तापताना आधी मऊ होतात, गुळाच्या पाकासारखे, फुगतात, आणि मग घट्ट होतात. मुशीत एक हलकी, सच्छिद्र, टणक वडी बसलेली दिसते. हा कोक. झरियाच्या कोळशाची अशी वडी बसते. आपल्या वर्धा खोऱ्याचा कोळसा मऊच होत नाही. झाकण काढावं तर तळाशी काळी भुकटी. बोट लावलं की उडते. बस, एवढाच निकाल. त्याला जर्मनी लागत नाही, आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत भट्टी असती तर तिथेही झालं असतं.

वडी हवी कशाला, असं कोणीही विचारेल. शेवटी जाळायचाच आहे ना? लोखंडाच्या उंच भट्टीत वरून दगड, चुनखडी आणि कोक थरांनी टाकतात. खालून गरम हवा फुंकतात. वरच्या सगळ्या ढिगाचं वजन खालच्या कोकवर येतं. त्याने ते सोसलं पाहिजे आणि त्याच्या तुकड्यांच्या फटींतून वायू वर गेला पाहिजे. कोक म्हणजे त्या भट्टीचा कोळसाही आणि खांबही. भुकटी झाली की भट्टी चोंदते. वरोऱ्याचा कोळसा जळायला वाईट नव्हता, तो उभा राहायला कच्चा होता. रेल्वेच्या इंजिनाला तो चालत होताच.

हा फरक माझ्या धंद्याचं मर्म आहे, म्हणून जरा थांबतो. 'चांगला कोळसा', 'वाईट कोळसा' असं आमच्या कागदावर कधीच लिहिलेलं नसतं. अमुक कामाला चालेल, अमुक कामाला चालणार नाही, एवढंच. आपली दहावीची गुणपत्रिका मात्र नुसतीच 'नापास' म्हणायची, कशाला नापास ते सांगायची नाही. पहिल्या खेपेला गणितात बसलेले आपले तिघं आज याच हॉलमध्ये आहेत. या हॉलचं छत ज्याने टाकलं तो त्यांच्यातलाच एक. छताला क्रॅक नाही, मी आल्याबरोबर पाहून घेतलं. सवय.

आणि जो कोळसा १८८२ ला चालला नाही, तो आज चालतो. काम बदललं म्हणून. घुग्घुसला स्पंज आयर्न बनतं ते याच जातीच्या कोळशावर. लांबलचक, किंचित कलती, सावकाश फिरणारी नळकांडी भट्टी असते. तिच्यात दगड आणि कोळसा एकत्र सोडतात आणि हजार अंशांच्या आसपास तापवतात. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात, म्हणजे इथे काहीच वितळत नाही. कोळशाच्या वायूने दगडातला प्राणवायू तेवढा ओढून घेतला जातो आणि दगड आपल्या आकारात राहून लोखंडाचा होतो. प्राणवायू गेला तिथे भोकं उरतात, म्हणून स्पंज. वरून दाब नाही, त्यामुळे उभं राहण्याची परीक्षाच नाही. आता चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीला कारखाना उभा झाला आहे आणि त्याचा दगड एटापल्लीच्या सुरजागडहून येतो. ट्रकांच्या रांगा आपण सगळेच पाहतो. धूळही खातो. त्या डोंगराबद्दल तिथल्या ग्रामसभांचं म्हणणं काय आहे, तेही इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, आणि आमच्या कागदावर त्यासाठी रकानाही नाही, हे मी इथे मुद्दाम सांगतो, कारण लोक कधी कधी लॅबच्या कागदाकडे असल्या प्रश्नांचं उत्तर मागतात.

पण यातलं नवीन काय आहे? कोकशिवाय, वितळवल्याशिवाय लोखंड काढणं विदर्भाला नवीन नाही. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नैकुंड म्हणून गाव आहे. तिथे पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि महाराष्ट्र शासनाचं पुरातत्त्व खातं यांनी १९७८ ते ८० च्या सुमारास उत्खनन केलं, शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या देखरेखीखाली. शिळावर्तुळं उभारणाऱ्या लोकांची वस्ती, आजपासून अडीच हजार वर्षांहून जुनी. तिथे लोखंड गाळायची भट्टी सापडली आणि तिच्याभोवती मळी. मळी म्हणजे लोखंड निघाल्यावर उरलेला काळा, काचेसारखा, बुडबुडे आलेला दगड. सामान्य माणूस तो लाथेने उडवेल. डेक्कन कॉलेजचे डॉ. विश्वास गोगटे यांनी तो तपासला. मळीत किती लोखंड वाया गेलं हे रासायनिक पृथक्करणाने काढलं की दगडातलं किती लोखंड कारागिराच्या हाती लागलं असेल त्याचा हिशोब मांडता येतो. माणसं गेली, भाषा कोणती होती ते माहीत नाही, पण त्यांच्या कामाचा हिशोब उकिरड्यात शिल्लक होता! याच गोगट्यांनी पुढे जुन्या खापरांवर क्ष-किरण सोडले. दक्षिणेत अरिकमेडूला आणि थेट आग्नेय आशियातही सापडणारी एक नक्षीची भांडी बंगालमधल्या चंद्रकेतुगड-ताम्रलिप्ती भागातल्या मातीची आहेत, असं त्यांनी मातीतल्या खनिजांवरून मांडलं. प्रयोगशाळेतला माणूस इतिहासात असा शिरतो.

क्ष-किरणांचं एवढंच सांगतो. मीठ, साखर, वाळू, गंज या सगळ्यांत अणू रांगेने बसलेले असतात, आणि प्रत्येकाची रांगेची ठेवण वेगळी. धानाच्या बांधीत रोवणी दोरीने केली असेल तर एका ठराविक कोनातून पाहिलं की ओळी उघडतात, तसंच. क्ष-किरण त्या ओळींवरून ठराविक कोनातच परततात. १९१२ मध्ये जर्मनीत लाउए यांनी हे दाखवलं आणि लगेच पुढच्या वर्षी इंग्लंडच्या ब्रॅग बाप-लेकांनी त्याचं गणित सोपं करून टाकलं. कोन मोजले की पदार्थाचा अंगठा उठला म्हणून समजा. ऊर्जानगरच्या औष्णिक केंद्राची राख आमच्याकडे येते, तेव्हा तिच्यात क्वार्ट्झ आणि म्युलाइट यांचे अंगठे हमखास निघतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती राख पाहिलीत तर विश्वास बसणार नाही. बारीक बारीक गुळगुळीत गोळ्या, मोत्यांसारख्या. काही आतून पोकळ, त्या राखेच्या तळ्यावर तरंगतात. २९२० मेगावॉटच्या केंद्राची राख म्हणजे केवढा ढीग, ते दुर्गापूरकडच्यांना विचारा. तिच्या विटा होतात, ती सिमेंटमध्ये जाते. पण किती घालायची हे विचारायला वीटभट्टीवाला माझ्याकडे येतो तो वीट फुटल्यावर. आधी नाही. असो.

आणखी एक गोष्ट धंद्यातली. एवढी यंत्रं असून सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो, तर नमुना घेताना. ट्रकभर कोळसा आहे आणि मी तपासणार एक ग्रॅम. तो ग्रॅम ट्रकसारखा असला पाहिजे. वरवरचे चमकदार खडे उचलले तर ट्रक सोन्याचा, तळाची माती उचलली तर ट्रक फुकट. म्हणून ठिकठिकाणचा माल घ्यायचा, फोडायचा, त्याचा शंकू करायचा, चापट करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन फेकायचे, पुन्हा शंकू. असं करत करत मूठभर उरेपर्यंत. कोळशाच्या आता जी-१ ते जी-१७ अशा १७ प्रती आहेत आणि एका प्रतीचा फरक म्हणजे भावात फरक. त्यामुळे फावडं कोणाच्या हातात आहे याला फार महत्त्व येतं. माझ्या कामात मला सगळ्यात आदर वाटतो तो उन्हात उभं राहून इमानदारीने चौथाई करणाऱ्या मजुराचा. तो चुकला तर माझं कोट्यवधीचं यंत्र चुकीचा आकडा चार दशांशांपर्यंत अचूक देतं.

आता बांबूकडे येतो, कारण इथे बसलेल्या निम्म्या लोकांचा संबंध कोळशाशी नाही, बांबूशी आहे.

दोन वर्षांपूर्वी आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. नाव घेऊ नको असं तिनं बजावलं आहे, आणि ती दुसऱ्या ओळीत बसली आहे, म्हणून घेत नाही. तिचा बायांचा गट आहे, टोपल्या, सुपं, दिव्यांची झाकणं असं करतो. बाहेरगावच्या एका दुकानदाराने त्यांच्या चाळीस टोपल्या परत पाठवल्या होत्या. टोपल्यांतून पिवळं पीठ गळत होतं. सुईच्या टोकाएवढी भोकं. माल परत, पैसे अडकले, आणि पुढची ऑर्डर हातातून जाणार. बायांनी दोन महिने विणलेलं होतं. ती म्हणाली, "तू लॅबमध्ये आहेस ना, सांग हा किडा आला कुठून?"

आपल्याकडे बांबू मुख्यतः दोन. कटांग, काटेरी, मोठा, पोकळ. आणि मानवेल, बारीक, आणि कोरड्या जागी तर बुंध्याशी जवळजवळ भरीव. दोन्हींची आतली बांधणी सारखी. कापाच्या तोंडावर नुसत्या डोळ्यांनी ठिपके दिसतात. त्यातून पाणी वाहतं आणि त्याभोवती चिवट तंतू असतात. बाकी सगळी भरण मऊ पेशींची. जगातल्या बांबूंचा हिशोब केला तर साधारण निम्मा भाग मऊ पेशी, चाळीस टक्के तंतू आणि दहावा हिस्सा नळ्या. पण ही वाटणी सारखी नसते. हिरव्या सालीकडे ठिपके बारीक आणि दाट, तिथे तंतू जास्त. आत पोकळीकडे ठिपके मोठे आणि विरळ, तिथे भरण जास्त. वारा आला की सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या अंगाला येतो, आणि झाडाने पोलाद तिथेच घातलेलं आहे. सिमेंटच्या खांबात आपण सळई कडेला का टाकतो, तर याच कारणाने. बुरडाला हे कोणी शिकवलं नाही, तरी तो टोपलीची कड सालीकडच्या पट्टीने बांधतो आणि आतली पांढरी पट्टी भरायला वापरतो.

बांबूचा काप आम्ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवतो तेव्हा आधी त्यावर सोन्याचा अगदी पातळ थर चढवावा लागतो, नाहीतर प्रतिमा नीट येत नाही. हे ऐकून मैत्रीण म्हणाली, "बांबूले सोनं, आन् आमच्या गळ्यात काय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या सूक्ष्मदर्शकात मऊ पेशींच्या पोटात गोल गोल दाणे भरलेले दिसले. ते पिष्ट. म्हणजे आपल्या भातात आहे तेच. किडा बांबू खायला येत नाही, हे पिष्ट खायला येतो, आणि ते मऊ भरणीत असतं, म्हणून भोकं आतल्या पांढऱ्या पट्ट्यांना जास्त पडतात. पण ते पाहायला इतकं महाग यंत्र खरं म्हणजे लागतच नव्हतं. सातवीत आपण बटाट्याच्या फोडीवर आयोडिनचा थेंब टाकला होता आणि ती निळी-काळी झाली होती, आठवतं का? तोच थेंब. तिनं दोन ढिगांतले तुकडे पाठवले होते. एका ढिगाच्या तुकड्यांवर थेंब टाकला तर काप शाईसारखा काळा. दुसऱ्या ढिगाच्या तुकड्यांवर फिक्कट पिवळा डाग, कुठे कुठे निळसर ठिपका. मी फोन केला आणि विचारलं, या दोन ढिगांत फरक काय? ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, पिवळा ढीग तीन आठवडे मालगुजारी तलावात दगडाखाली बुडवून ठेवलेला होता. तिच्या सासूबाई नेहमीच बुडवायला लावतात. काळ्या ढिगाच्या वेळी ऑर्डर पंधरा दिवसांची होती, म्हणून बांबू तसाच चिरला. सासूबाई नको म्हणत होत्या.

पाण्यात पिष्ट आंबतं, झिरपून निघून जातं. किड्याला खायला उरत नाही. जगभर ही रीत आहे. सुहागा आणि बोरिक आम्लाचं पाणी पाजणं ही तिच्या पुढची पायरी, ती चिचपल्लीच्या बांबू केंद्रात शिकायला मिळते. सासूबाईंना पिष्ट हा शब्द माहीत नव्हता. निकाल माहीत होता.

यातलं अवघड पुढे आहे. तलावात बुडवायला तीन आठवडे, सुकवायला आणखी काही दिवस, आणि दुकानदाराला माल पंधरा दिवसांत पाहिजे. टोपलीचा भाव दोन्हीला सारखाच. मैत्रिणीने आता ठरवलं आहे की महिनाभराची मुदत कागदावर लिहून दिल्याशिवाय ऑर्डर घ्यायची नाही. त्यात तिचं एक मोठं गिऱ्हाईक गेलं. त्या चाळीस टोपल्यांचे पैसे अजून आलेले नाहीत. मी तिला आयोडिनच्या डागांचे फोटो आणि दोन ओळींची नोंद करून दिली. नव्या गिऱ्हाइकाला ती आता समोरच थेंब टाकून दाखवते. एका गिऱ्हाइकाने दहा रुपये जास्त दिले, एकाने नाही दिले.

बांबू हा आपल्याकडे बराच काळ फक्त कापून पाठवायचा माल होता. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला त्याचे लांब तंतू हवे होते. टोपलीवाल्यापेक्षा लगदेवाल्याचा हिशोब मोठा होता. पुढे मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती वाहतूक पास आला. आपल्या शेजारी गोंडपिपरी तालुक्यात पाचगावलाही २०१२ मध्ये हक्क मिळाला. आता ग्रामसभा बांबूचा लिलाव स्वतः करते. पण लिलावात बांबू अजून नगावर आणि जाडीवर जातो. किती वर्षांचा, किती ओला, सालीजवळ तंतू किती दाट, वाकवला तर कुठे मोडतो, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. तपासायची पद्धत तर भारतीय मानकात १९७३ पासून लिहिलेली आहे. ओलावा काढायला तराजू आणि १०३ अंशाची पेटी पुरते. वाकवून मोडायला दोन टेकू आणि मधोमध टांगलेली वजनं, एवढ्यात अंदाज येतो. तीन-चार वर्षांचा पक्का बांबू आणि एक वर्षाचा कोवळा बांबू यांतला फरक नववीचं पोरगं आकड्यात दाखवू शकेल.

म्हणून संयोजकांना मी निधी वगैरे न विचारता एक सामान आणलं आहे. एक तराजू आहे, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. एक छोटी गरम पेटी. हातभिंगं बारा. विज्ञानाच्या मॅडमशी बोलणं झालं आहे. नववीच्या मुलांनी काल मानवेलाचे वीस तुकडे पाडून ठेवले, दहा आज सकाळी तलावात गेले, दहा वर्गातच राहिले. तीन आठवड्यांनी बाहेर काढतील. मोजमापाच्या वहीचा पहिला रकाना मी आखून दिला आहे, पुढचे त्यांनी आखायचे. नमुना कुठल्या बेटातून घेतला, बुंध्याचा की शेंड्याचा, हे लिहिल्याशिवाय वजन लिहायचं नाही, एवढाच नियम. सासूबाई तलावावर लक्ष ठेवायला तयार झाल्या आहेत.

आत्ताच्या आत्ता पाहायचं असेल तर मागच्या टेबलावर कटांग आणि मानवेलाचे ताजे काप ओळीने लावले आहेत, शेजारी एक बटाटाही ठेवला आहे. चहाच्या वेळी प्रत्येकाने एक एक थेंब टाकून बघा. पांढरे सदरे घालून आलेल्यांनी जरा जपून, आयोडिनचा डाग लवकर निघत नाही.